मावशीचं कटिंग टेबल : बिस्कीट सांध्यांच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

आजोळच्या माळ्याच्या फळ्या आज टेम्पोने पुण्याला पोचल्या. वाईजवळचं ते घर उतरवलं तेव्हापासून त्या मामाच्या गोठ्यात रचून ठेवल्या होत्या. एकूण नऊ फळ्या. वरच्या अंगाला सारवणाचा वाळलेला थर, खालच्या अंगाला चुलीच्या धुराचं काजळ. एका कोपऱ्यावर रंधा मारून बघितला आणि आतून मधासारखा रंग निघाला. साग आहे, बारीक रेषांचा. आमच्या टिंबर मार्केटमध्ये बल्लारशाकडच्या सागाला व्यापारी अजून ‘सीपी’ म्हणतात, म्हणजे जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसचा माल. हा कुठला, सांगायला आता कोणी नाही. पण इतकी वर्षं वाळलेलं लाकूड विकत मिळत नाही.

मावशी ब्लाउज शिवते. तीस वर्षं जमिनीवर बसून कापड बेतत आली, आता गुडघे साथ देत नाहीत. उभं राहून बेतता येईल असं टेबल तिला हवंय. ‘‘प्लाय-सनमायका नको, माळ्याच्या फळ्यांचं कर,’’ म्हणाली. गौरी-गणपतीच्या कामाची गर्दी सुरू व्हायच्या आत, म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत द्यायचं आहे.

माप ठरलं : वरचा पृष्ठभाग १५०० बाय ७५० मिमी, उंची ८९० मिमी. उंची तिला उभं करून, कोपर वाकवून घेतली. खाली प्लायचे दोन खण, अस्तरं आणि दोऱ्याची रिळं ठेवायला.

तिची अट एकच. एका फळीवरून दुसरीवर हात फिरवला तर जोड कळता कामा नये. सॅटिन आणि रेशमी अस्तर केसाएवढ्या उंचवट्यालाही अडकतं, धागा ओढला जातो, आणि गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं तर ते तिच्या खिशातून जातं. म्हणून पाच फळ्या एका पातळीत जोडण्यासाठी बिस्कीट सांधा वापरायचं ठरवलं, म्हणजे दोन्ही कडांत खाचा पाडून त्यांत लाकडाची पातळ चकती, ‘बिस्कीट’, बसवायची.

१५ जून २०२४, शनिवार

आठवडाभर रोज संध्याकाळी तासभर खिळे काढले. लोहचुंबक फिरवायचा, अडला की खडूने खूण करायची, मग अंबूर. मोडकी टोकं पटाशीने लाकूड कोरून काढावी लागली. एक जरी आत राहिलं तरी बिस्कीट मशिनचं पातं गेलं असतं. काजळ तारेच्या ब्रशने निघालं. सारवण आधी ओलं करून खरवडलं, मग फळ्या उभ्या करून वाळायला ठेवल्या.

पाच फळ्या निवडल्या. प्रत्येकी साधारण १५५ मिमी रुंद आणि २२ मिमी जाड. फक्त एक फळी एका टोकाला १८ मिमी भरते, तिचं बूड झिजलंय. ती बाद करायची नाही, कारण तिच्यावर आजोबांनी धान्याच्या पोत्यांचा हिशेब कोरलेला आहे : उभ्या रेघा, दर पाचवी आडवी. ती बाजू खाली जाईल. वरून दिसणार नाही, पण असेल.

गल्लीतले मिस्त्रीकाका आले. त्यांनी आयुष्यभर कुसू (एका लाकडाचं दुसऱ्याच्या भोकात बसणारं टोक) पाडून सांधे केले, बिस्कीट त्यांनी ऐकलेलं आहे, वापरलेलं नाही. त्यांनी मशिनकडे बघितलंच नाही. दोन फळ्या उचलल्या, कडा एकमेकींवर ठेवून दाराच्या उजेडासमोर धरल्या. मधून उजेडाची बारीक रेघ आली.

‘‘हे बिस्कीट ही रेघ भरून काढणार आहे का?’’

‘‘नाही काका.’’

‘‘मग आधी रंधा घे.’’

त्यांनी सांगितलेली रीत लिहून ठेवतो. जोडायच्या दोन फळ्या पुस्तक मिटावं तशा वरच्या बाजू समोरासमोर आणून शिकंजात धरायच्या आणि दोन्ही कडांवर एकदमच रंधा चालवायचा. रंधा जरा कलला तरी एका फळीवर जेवढा तिरकेपणा येतो तेवढाच दुसरीवर उलटा येतो. पुस्तक उघडलं की दोन्ही मिळून सपाट. शेवटचे दोन हात फक्त मधल्या भागात मारायचे, म्हणजे मध्यावर कागदाएवढी पोकळी राहते, क्लॅम्प आवळला की ती मिटते आणि टोकं घट्ट बसतात.

चार सांध्यांना पूर्ण दिवस गेला. पण सांध्याची ताकद इथेच ठरते. सागाच्या उभ्या रेषेला उभी रेषा नीट भिडली आणि मध्ये फेव्हिकॉलचा पातळ थर असला, तर तो जोड सहसा लाकडाआधी सुटत नाही. कडेला कड जोडताना बिस्किटाने ताकदीत फार भर पडत नाही. त्याचं काम वेगळं : ओला सरस घसरत असताना फळ्या वरखाली होऊ द्यायच्या नाहीत. (काका अजून फेव्हिकॉलला सरसच म्हणतात. त्यांच्या वडिलांच्या काळी हाडांचा सरस डब्यात उकळावा लागायचा. फेव्हिकॉल बाजारात आलं ते १९५९ साली.)

२३ जून २०२४, रविवार

आज मशिनशी ओळख. जुनं आहे, एका बंद झालेल्या वर्कशॉपमधून घेतलेलं. १०० मिमी व्यासाचं, ४ मिमी जाडीचं गोल पातं आत लपलेलं असतं. पुढचा भाग लाकडाला टेकवून मशिन पुढे ढकललं की पातं बाहेर येऊन कडेत अर्धचंद्राकृती खाच पाडतं. समोरच्या फळीच्या कडेतही तशीच. दोन्ही मिळून बदामाच्या आकाराची पोकळी होते आणि तिच्यात बिस्कीट बसतं.

ही युक्ती स्वित्झर्लंडमधल्या हेर्मान श्टायनर या फर्निचर कारागिराची, १९५०च्या दशकाच्या मध्यातली. भुशाच्या दाबलेल्या फळ्या तेव्हा नव्याने येत होत्या आणि त्यांच्यात कुसू टिकत नव्हता, त्यावर त्याने हा उपाय काढला. त्यातूनच लामेलो ही कंपनी उभी राहिली. बिस्कीट बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचं, दाबून पातळ केलेलं. सरसातलं पाणी लागलं की ते फुगतं आणि खाचेत आवळून बसतं. हातात घेऊन नीट बघितलं तर त्याच्या रेषा तिरप्या जातात. त्या लांबीच्या दिशेने असत्या तर जोडावर ताण येताच ते मधोमध चिरलं असतं.

मुख्य आकार तीन : शून्य नंबर ४७ बाय १५ मिमी, दहा नंबर ५३ बाय १९, वीस नंबर ५६ बाय २३. मी वीस नंबर घेतलाय. जिथे बसेल तिथे मोठंच वापरावं. काकांनी खाच मोजली आणि म्हणाले, ‘‘सव्वा सूत.’’ बरोबर चार मिलिमीटर.

खोली तपासायची एक सोपी पद्धत. टाकाऊ तुकड्यात खाच पाडायची, बिस्कीट कोरडंच आत दाबायचं, कडेलगत पेन्सिलीने रेघ मारायची. मग ते बाहेर काढून उलटं करून पुन्हा घालायचं आणि दुसरी रेघ मारायची. दोन रेघांमध्ये एक-दीड मिमी अंतर राहिलं म्हणजे खाच अर्ध्या बिस्किटापेक्षा थोडी खोल आहे, सरसाला जागा आहे. माझ्या रेघा एकमेकींवर आल्या. मशिनच्या मागचा खोलीचा स्क्रू सैल करून एक मिमी वाढवला. हे न तपासता जोडलं असतं तर बिस्कीट तळाला टेकलं असतं आणि क्लॅम्प कितीही आवळला तरी फट मिटली नसती.

दुसरी अडचण आली ती आपल्याकडच्या पावसाळ्याची. पाकीट मागच्या रविवारी फोडून तसंच ठेवलं होतं. आज बिस्किटं खाचेत शिरेनात. कॅलिपरने मोजली तर चार मिमीच्या वर. सादळली होती. खायची बिस्किटं सादळतात तशीच हीही सादळतात, फक्त मऊ न पडता जाड होतात. ती मोगरीने ठोकून बसवायची नाहीत, सरस लावल्यावर तर अर्ध्यात अडकतील. बायकोने सांगितल्यावर दहा-दहा सेकंद मायक्रोवेव्हमध्ये फिरवली, थंड होऊ दिली, पुन्हा मोजली. चारच्या आत आली. आता घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत, औषधाच्या बाटलीतल्या दोन सिलिका पुड्यांसकट.

२९ जून २०२४, शनिवार

खाचा पाडल्या. फळ्या शेजारी शेजारी मांडून रंग आणि रेषा जुळवल्या. वरच्या अंगावर सगळ्या फळ्यांवरून जाणारा एक मोठा खडूचा त्रिकोण काढला, म्हणजे कोणती फळी कुठली आणि वरची बाजू कोणती यात गोंधळ होणार नाही.

मग जोडांवर आडव्या पेन्सिलरेघा. मापात कापल्यावर टेबलाचं जे टोक येईल तिथपासून पहिली १५० मिमीवर, पुढे दर २०० मिमीवर, एकूण सात. टोकाच्या फार जवळ बिस्कीट घेतलं तर फळ्या मापात कापताना तेही कापलं जातं आणि टेबलाच्या कडेला त्याचा डोळा दिसतो. चार सांधे, सात-सात बिस्किटं, म्हणजे ५६ खाचा.

मशिनचा आडवा पंखा (पुढची सपाट पट्टी, जिच्यावरून खाचेची उंची ठरते) फळीच्या वरच्या अंगावर टेकवूनच प्रत्येक खाच पाडायची, हे सगळ्यात महत्त्वाचं. मशिन टेबलावर ठेवून पाडली की माप बुडापासून येतं, आणि माझ्या फळ्यांची बुडं सारखी नाहीत. वरच्या अंगापासून माप घेतलं की जाडीत कितीही फरक असो, वरची पातळी एकच येते. डाव्या हाताने पंखा घट्ट दाबून धरायचा. पातं पूर्ण फिरायला लागलं की सावकाश ढकलायचं, सावकाश मागे घ्यायचं. घाई केली की मशिन बाजूला सरकतं आणि खाच रुंद होते. खाच बिस्किटापेक्षा लांबीला थोडी जास्त असते, त्यामुळे रेघ एक-दोन मिमी चुकली तरी फळी डावी-उजवी सरकवता येते. वरखाली मात्र काहीच सवलत नाही.

पंखा किती खाली ठेवायचा यावर बराच विचार केला. २२ मिमीच्या फळीचा मध्य ११ वर येतो. पण झिजलेल्या फळीचं टोक १८चं, तिथे खाली लाकूड कमी उरेल असं वाटून खाचेचा मध्य वरच्या अंगापासून ८ मिमीवर घेतला.

एक खाच बिघडली. तिसऱ्या फळीवर पंख्याचा स्क्रू ढिला झाला आणि खाच दीड मिमी खाली गेली. बिस्कीट सरस लावून त्याच खाचेत बसवलं, वाळू दिलं, बाहेरचा भाग करवतीने कापून पटाशीने सपाट केला आणि त्याच जागी नवी खाच पाडली. आता कुठे होती ते शोधूनही सापडत नाही.

सागाचा भुसा नाकात आणि डोळ्यांत फार झोंबतो. पिशवी दर दहा खाचांनी भरते. मास्क लावूनही रात्री नाक चुरचुरत होतं.

६ जुलै २०२४, शनिवार

जोडणी. आधी सगळं कोरडं जुळवून, क्लॅम्प लावून बघितलं आणि मगच सरसाचा डबा उघडला. मदतीला भाचा. सरस लागल्यापासून हाताशी दहा मिनिटं, त्यात २८ बिस्किटं. म्हणून पाचही फळ्या एकदम घेतल्या नाहीत : दोन आणि तीन असे दोन भाग केले, संध्याकाळी ते दोन भाग एकमेकांना.

खाचेच्या दोन्ही भिंतींना सरस लागायला हवा. खाचेत नुसता ओतला तर तो तळाशी साठतो आणि भिंती कोरड्या राहतात. आइस्क्रीमची काडी टोकाला निमुळती करून घेतली, ती जुन्या टूथब्रशपेक्षा चांगली चालली. भाचा बिस्किटं टिचकीने आत बसवत गेला, मी कडेवर थर पसरत गेलो.

क्लॅम्प सात, एक वरून एक खालून, नाहीतर फळ्या कमानीसारख्या उचलतात. आवळताना जोडातून सरसाचे मण्यांसारखे थेंब एका ओळीत बाहेर आले. बोट फिरवलं. कुठेही पायरी नाही. चार जोड, एकाही ठिकाणी नख अडकलं नाही.

७ जुलै २०२४, रविवार

क्लॅम्प काढले. सरसाचे मणी पटाशीने उडवले, वरून रंध्याने साधारण दीड मिमी काढलं, मग ८०, १२० आणि १८० नंबरचा पॉलिश पेपर मशिनने. संध्याकाळपर्यंत पृष्ठभाग काचेसारखा झाला. मावशीला फोटो पाठवला.

२१ जुलै २०२४, रविवार

प्लायचे खण. १८ मिमीचा आयएस ७१० मार्कचा, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लाय. मावशीच्या खोलीच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते, म्हणून हाच. प्रत्येक खणाची रुंदी ३५०, खोली ६००, आत दोन फळ्या.

इथे बिस्किटाचं काम पूर्ण वेगळं आहे. सागाच्या कडांना सरसच पुरेसा होता. प्लायची कापलेली कड दुसऱ्या प्लायच्या सपाट अंगाला भिडते तेव्हा कडेतले निम्मे थर आडवे, सरस पिऊन टाकणारे. असा जोड नुसत्या सरसावर भरवशाचा नाही. बिस्कीट आत शिरून दोन्हीकडच्या थरांना धरतं, म्हणून इथे ते खरंच भार घेतं. कापडाच्या गठ्ठ्यांचं वजन याच सांध्यांवर येणार. त्यामुळे फळीच्या प्रत्येक टोकाला चार बिस्किटं, साधारण १५० मिमीच्या अंतराने.

मधल्या फळीची खाच पाडताना पंखा वापरता येत नाही, कारण खाच प्लायच्या अंगाच्या मधोमध येते. फळी बाजूच्या पानावर (खणाच्या उभ्या प्लायवर) तिच्या जागेलगत आडवी टाकली आणि क्लॅम्पने धरली. आधी मशिन आडवं ठेवून फळीच्या कडेत खाच, मग मशिन उभं करून फळीलाच टेकवून पानात खाच. एकच रेघ दोन्हींना. फळी उभी केली की बरोबर तिथेच बसते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी भाच्याला हाक मारून दाखवलं.

दोन्ही खण दिवसात उभे राहिले. गुण्या लावला, चारही कोपरे बरोबर. स्क्रू एकही नाही.

२७ जुलै २०२४, शनिवार

गुरुवारी शहरात पाणी शिरलं. सिंहगड रस्त्याकडचे लोक अजून घरातला चिखल उपसताहेत. आमच्याकडे पाणी आलं नाही, पण हवा इतकी ओली की भिंतीला हात चिकटतो.

मावशी टेबल बघायला आली. मी दार उघडलं आणि सकाळचा तिरपा उजेड पृष्ठभागावर पडला. तिने लगेच विचारलं, ‘‘अरे, हे डाग कसले?’’

डाग नव्हते. जोडांवर बदामाच्या आकाराच्या फिकट सावल्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर. मी टेप लावला नाही. २०० मिमी आहेत हे बघताच कळलं.

मावशीने पर्समधून तिचा चपटा खडू काढला, आडवा धरला आणि जोडावरून हलक्या हाताने घासत नेला. लाकूड पांढरं होत गेलं, आणि दर वीतभर अंतरावर एक बदाम कोरा राहिला. खडू तिथे टेकतच नव्हता. ‘‘खड्डे आहेत,’’ ती म्हणाली. ‘‘कापड अडकणार नाही रे, पण कात्रीचं टोक इथे खाली जाईल.’’

खोली किती असेल? कागदाच्या दोन घड्या, फार तर तीन. पण २८ पैकी १९ ठिकाणी. ती काही बोलली नाही, चहा घेतला आणि गेली. मला मात्र फार वाईट वाटलं. तिच्या घरच्या फळ्या आहेत या.

२८ जुलै २०२४, रविवार

कारण मांडून ठेवतो. चूक दोन ठिकाणी आहे आणि दोन्ही माझ्या हातून झाल्या.

पहिली : ७ जुलैला, जोडून एक दिवसही पूर्ण झाला नव्हता तेव्हा, मी पृष्ठभाग सपाट केला. सरस वरून वाळल्यासारखा वाटतो, पण त्यातलं पाणी बिस्किटात आणि खाचेच्या भिंतींत शिरलेलं असतं. बिस्कीट फुगलेलं, त्याच्या वरचं लाकूडही फुगून किंचित वर आलेलं. मी तोच फुगवटा घासून सपाट केला. मग पुढच्या तीन आठवड्यांत पाणी हळूहळू निघून गेलं, लाकूड पूर्वीच्या जागी बसलं, आणि जेवढं घासलं होतं तेवढा खड्डा राहिला.

दुसरी : खाच वर घेतली. मध्य ८ वर, म्हणजे खाचेची वरची भिंत वरच्या अंगापासून ६ मिमीवर. त्यातलं दीड रंध्याने गेलं. उरलं साडेचार. एवढ्या पातळ थरातून खालची हालचाल वर दिसणारच. मध्य ११ वर असता तर वर साडेसात राहिलं असतं. खालच्या झिजलेल्या टोकाची काळजी मी केली आणि ज्या अंगावर काम होणार त्याची केली नाही.

खात्रीसाठी बरणीतलं एक बिस्कीट मोजून पाण्यात टाकलं. ३.८ मिमीचं पंधरा मिनिटांत साडेचारच्या आसपास गेलं. वाळायला घरातल्या पंख्याखाली ठेवलंय, रोज मोजणार.

मिस्त्रीकाकांना दाखवलं. त्यांनी सावलीवर अंगठा फिरवला. ‘‘आमच्या कुसवालाही हेच होतं. पण आम्ही जोडलेलं लाकूड पंधरा दिवस हात न लावता उभं करायचो. तुझं मशिन लवकर करतं म्हणून लाकूड लवकर वाळत नाही.’’

मग त्यांनी दुरुस्ती सांगितली : आता काही करू नको. थांब.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

थांबलोय. पृष्ठभाग खणांवर न टाकता पट्ट्यांवर आडवा ठेवलाय, खालून-वरून हवा लागेल असा. एकाच बाजूने वाळला तर वाकेल. पाण्यात टाकलेलं बिस्कीट ४.१ वर येऊन स्थिर झालंय, पूर्वीच्या ३.८ ला परत गेलं नाही. म्हणजे दाबलेलं लाकूड एकदा मोकळं झालं की पूर्ण मिटत नाही. खाचेत ते आवळून का बसतं हे आता हाताला कळलं.

सावल्या आता वाढत नाहीत. दर शनिवारी त्याच जागी खडू घासून फोटो काढतो. मागच्या आणि आजच्या फोटोत फरक नाही.

१७ ऑगस्ट २०२४, शनिवार

सहा आठवडे झाले. आज रंधा.

मशिनचा पॉलिश पेपर वापरला नाही, तो खड्ड्यातही उतरतो आणि कडा गोल करतो. लांब रंधा, पातं ताजं परजलेलं, आणि सगळ्या पृष्ठभागावर मावशीच्या खडूसारखाच खडू घासलेला. रंधा आधी उंच भागावरचा खडू उचलतो. बदाम पांढरे राहतात. प्रत्येक फेरीत ते लहान होत जातात. आधी बदाम, मग तांदळाएवढे, मग नुसती रेघ. शेवटी रेघही गेली. बाहेर येणारी साल सुरुवातीला प्रत्येक जोडावर तुटत होती, शेवटच्या फेरीला फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग निघाली. पारदर्शक, कांद्याच्या पापुद्र्यासारखी.

अर्धा मिमीपेक्षा थोडं कमी लाकूड गेलं. पृष्ठभाग आता जेमतेम २० मिमी जाड आहे, चालेल. तिसऱ्या जोडावर डावीकडून दुसऱ्या जागी एक खड्डा पूर्ण गेला नाही. आणखी रंधा मारला असता तर बिस्किटावरचं लाकूड फारच पातळ झालं असतं. तो तसाच ठेवलाय. मावशीला जागा दाखवणार आहे.

टोकं मापात कापली. एकाही ठिकाणी बिस्कीट दिसलं नाही.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

मॅट पीयूचे (बिनचमकीच्या पॉलियुरेथेन पॉलिशचे) तीन हात दिले. लाख पॉलिश जास्त शोभलं असतं, पण मावशीची इस्त्री जवळपासच असते आणि गरम लागलं की लाख मऊ पडते. तेल तर कापडाला लागेल.

पृष्ठभाग खणांवर स्क्रूने थेट आवळला नाही. साग कमी हलणारं लाकूड आहे, तरी ७५० मिमी रुंदीत पावसाळा आणि कोरड्या हवेत तीन ते पाच मिमीचा फरक पडू शकतो. आवळून टाकलं तर फळी नाहीतर जोड, कुठेतरी चिरेल. खणांच्या आतल्या अंगाला बिस्कीट मशिननेच आडव्या खाचा पाडल्या, त्यात सागाचे छोटे ठोकळे जिभेसारखे बसवले आणि ठोकळे वरच्या फळीला स्क्रूने धरले. जीभ खाचेत सरकते, पृष्ठभाग दाबून राहतो आणि आखडायला-फुगायला मोकळा राहतो. प्रत्येक ठोकळ्यामागे तीन मिमी जागा सोडली.

संध्याकाळी टेबल पोचवलं. आज मोजलेली रुंदी ७५१. मावशी आधी वाकून खाली शिरली, आजोबांच्या रेघा शोधल्या, बोटाने मोजल्या. मग उभी राहून तळहात आडवा फिरवला, डोळे मिटून, पाचही फळ्यांवरून. उरलेल्या खड्ड्याची जागा मी सांगायच्या आतच तिचा हात तिथे थांबला.

‘‘हा एक राहिला.’’

‘‘हो, तो काढता आला नाही.’’

‘‘असू दे. इथे माझी खडूची डबी ठेवते.’’

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

ऑक्टोबरची हवा कोरडी पडली, म्हणून मापं घ्यायला गेलो. दिवाळीच्या कामाचा ढीग, टेबलावर हिरवं खणाचं कापड पसरलेलं. मावशीने एका हाताने कापड उचलून धरलं आणि मी टेप लावला.

रुंदी ७४८.५. अडीच मिमी आखडली. चारही जोड बंद आहेत, उजेड धरून बघितला. तिरप्या उजेडात नव्या सावल्या नाहीत. खणांमध्ये कापडाचे गठ्ठे गच्च भरलेत, फळ्या जराही वाकलेल्या नाहीत. ठोकळ्यांच्या जिभा आत सरकल्या आहेत, मागे अजून जागा शिल्लक आहे. पुढचं माप जूनमध्ये, पाऊस सुरू झाल्यावर घेणार.